रशियाची बँक आणि तेहरानचे कब्रस्तान

परकीयांना दिलेल्या सवलतीला फारसीत ‘इम्तियाज’ म्हणतात. उर्दूत हाच शब्द मानमरातबासाठी वापरतात. मुलांना शब्दार्थ सांगताना मला काजार बादशहांचा इराण हमखास आठवतो. तिथे इम्तियाज परकीयांच्या वाट्याला आला आणि मान रयतेचा गेला.

नोव्हेंबर 1905 मध्ये तेहरानच्या लोकांनी एक अर्धवट इमारत पाडली. ती रशियन बँकेची होती, आणि जागा जुन्या कब्रस्तानाची व पडीक मदरशाची. खोदकामात मय्यतांची हाडे निघाली होती. हा केवळ धार्मिक उद्रेक होता असे म्हणून अनेकजण पुढे जातात. मला ते पटत नाही. लोक त्या बँकेला आधीपासून ओळखून होते.

पोल्याकोव्ह नावाच्या रशियन भांडवलदाराला 1890 मध्ये तिचा परवाना मिळाला. काही वर्षांतच ती रशियाच्या अर्थखात्याकडे गेली. म्हणजे गुंतवणूक नावाला खासगी, मालक झार! 1900 मध्ये मुजफ्फरुद्दीन शाहने तिच्यामार्फत 2 कोटी 25 लाख रुबल कर्ज घेतले. त्यातून ब्रिटिश तंबाखू कंपनीच्या भरपाईपोटी काढलेले जुने कर्ज फिटले, शाहची युरोपची सफर झाली. तारण काय? फार्स आणि आखाती बंदरे वगळून देशाची जकात. शिवाय रशियाला विचारल्याशिवाय दुसऱ्याकडून कर्ज घ्यायचे नाही. 1902 मध्ये आणखी 1 कोटी. पुढच्याच वर्षी रशियन मालाला सोयीचे जकातीचे दर लागू झाले. बाजारातले व्यापारी उलेमांच्या बाजूला का उभे राहिले, हे इथे समजते. 1906 मध्ये मजलिस स्थापन झाली आणि तिने आल्या आल्या नवे रशियन-ब्रिटिश कर्ज नाकारले.

रशियनांनी काहीच दिले नाही असे नाही. अंजली बंदरापासून तेहरानपर्यंतचा रस्ता त्यांचाच, 1916 चा जुल्फा-तबरीझ लोहमार्गही. क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने 1921 च्या करारात रस्ता, रेल्वे, बँक सारे सोडले, कर्जही माफ केले.

सुटली नाही ती कॅस्पियनची मासेमारी. 1888 पासून ती लियानोझोव्ह कुटुंबाकडे होती. स्टर्जन मासा बिनखवल्यांचा समजला जाई, म्हणून शिया फिक्हप्रमाणे इराण्यांना वर्ज्य. त्याची अंडी, कॅव्हियार, रशियाला जात. 1927 मध्ये सोव्हिएतांनी 25 वर्षांची संयुक्त कंपनी काढली. मुदत संपली तेव्हा पंतप्रधान मोसद्देक होते. 1953 मध्ये त्यांनी करार वाढवून दिला नाही.