बेंगल १५

बेंगल १५ : १९९१ च्या आखाती युद्धात जखमी वैमानिकाच्या सुटकेसाठी गेलेले व इराकी तोफगोळ्यांनी पाडले गेलेले अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेतमधून माघार घेणारे इराकी सैन्य जहरा शहरावरून मुतला टेकडीमार्गे बसऱ्याकडे निघाले. जहराच्या उत्तरेकडील महामार्ग ८० वर या सैन्यावर मोठे हवाई हल्ले झाले. याच सुमारास, २७ फेब्रुवारी रोजी, दक्षिण इराकमध्ये अमेरिकी एफ-१६ विमान पडून त्याचे वैमानिक कॅप्टन विल्यम अँड्र्यूज पाय मोडलेल्या अवस्थेत शत्रूच्या प्रदेशात अडकले. त्यांना उचलून आणण्यासाठी आठ जणांचे पथक निघाले. त्यात उपचारासाठी लष्करी डॉक्टर मेजर रोंडा कॉर्नम होत्या.

कमी उंचीवरून जाणारे हेलिकॉप्टर विमानवेधी माऱ्यात सापडून कोसळले. फिलिप गार्वी, रॉबर्ट गॉडफ्री, विल्यम बट्स, पॅटबूव्हिए ऑर्टिझ व रॉजर ब्रिलिन्स्की हे पाच जण ठार झाले. कॉर्नम, डॅनियल स्टॅमारिस व ट्रॉय डनलप वाचले, पण युद्धकैदी झाले. कॉर्नम यांचे दोन्ही हात मोडले होते आणि खांद्यात गोळी होती. अँड्र्यूजही पकडले गेले. २८ फेब्रुवारीच्या सकाळी युद्धविराम झाला व मार्चच्या पहिल्या आठवड्यात कैद्यांची सुटका झाली. कॉर्नम यांनी १९९२ मध्ये या मोहिमेचे व कैदेचे अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पुढे त्या ब्रिगेडियर जनरल झाल्या.