एका रात्रीच्या फुलाची भेट
प्रिय व्यक्तीला गुलाबाऐवजी रोप द्यायचे असेल, तर ब्रह्मकमळाचा विचार जरूर करावा. नावाने मात्र फसू नये. खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, उत्तराखंडचे राज्यपुष्प. आपल्याकडे त्या नावाने वाढतो तो मूळचा मेक्सिकोकडचा निवडुंग. त्याचे ‘पान’ म्हणजे चपटे खोडच; मातीत खोचले की मुळे धरते. म्हणून विकतच्या रोपापेक्षा घरच्या झाडाचे पान रुजवून दिलेले अधिक शोभते. फुलासाठी बहुधा २-३ वर्षे थांबावे लागते आणि रात्री उमललेले फूल सकाळी मिटलेले असते. जागरणाला सोबत हवीच! छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात पारा ४० अंश ओलांडतो. तेव्हा कुंडी गच्चीवर न ठेवता कोवळे ऊन येणाऱ्या गॅलरीत ठेवावी. पाणी साचल्यास मुळे कुजतात.