तीन चौरस मीटरचा प्रश्न

शिक्षा ठोठावण्याचा अधिकार न्यायालयाचा असतो. देशातील तुरुंगांत मात्र अशी शिक्षा रोज भोगली जाते, जी कोणत्याही न्यायालयाने सुनावलेली नसते.

मुंबईतील ऑर्थर रोड कारागृहाच्या बारा क्रमांकाच्या बराकीत उजेड किती येतो, हवा खेळती आहे का, शौचालय कसे आहे, या प्रश्नांची चर्चा २०१८ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात झाली. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाचा खटला तेथे सुरू होता. भारतातील तुरुंगांची अवस्था अमानुष असल्याने आपल्याला तेथे पाठवू नये, असा बचाव त्यांच्या वतीने मांडण्यात आला. न्यायाधीशांनी त्या बराकीची चित्रफीत मागवली. भारत सरकारने ती सादर केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने प्रत्यार्पणाच्या बाजूने कौल दिला. पुढे नीरव मोदी यांच्या प्रकरणातही हीच बराक चर्चेत आली. तेथे कैद्याला किमान तीन चौरस मीटर जागा मिळेल, अंथरूण-पांघरूण मिळेल, अशी हमी देण्यात आली होती.

तीन चौरस मीटर म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट. साधारण सहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद अशी जागा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सामायिक बराकीसाठी ही किमान मर्यादा मानली आहे. याहून कमी जागा मिळाली, तर कैद्याला अमानुष वागणूक मिळत असल्याचे सकृद्दर्शनी गृहीत धरले जाते. विशेष म्हणजे आपल्या केंद्र सरकारची आदर्श कारागृह नियमावली (२०१६) याहून उदार आहे. बराकीत दर कैद्यामागे ३.७१ चौरस मीटर जागा असावी, असे ती सांगते. प्रश्न इतकाच की, परदेशी न्यायालयासमोर जी हमी बिनदिक्कत देता आली, ती त्याच तुरुंगाच्या अन्य बराकींतील माणसांना कोण देणार?

गर्दीचे गणित

ऑर्थर रोड कारागृह १९२६ साली उभे राहिले. त्याची अधिकृत क्षमता दीर्घकाळ ८०४ इतकी नोंदली जात होती. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा तेथे सुमारे २,६०० बंदी होते. एका माणसाच्या जागेत तिघांहून अधिक. शारीरिक अंतर राखण्याच्या सूचना शहरभर लागलेल्या असताना या भिंतींच्या आत अंतर राखायला जागाच नव्हती. मे २०२० मध्ये तेथील शंभराहून अधिक बंद्यांना लागण झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यात आली आणि दहा हजारांहून अधिक बंद्यांना तात्पुरते सोडण्यात आले. म्हणजे मनात आणले, तर तुरुंग रिकामे करता येतात, हेही त्या साथीने दाखवून दिले.

देशाचे चित्र वेगळे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० बंदी होते. पुढच्या वर्षी ही गर्दी काहीशी ओसरली, तरी संख्या क्षमतेहून अधिकच राहिली.

गर्दीचा अर्थ केवळ झोपायला जागा नसणे, एवढाच नसतो. संध्याकाळी गिनती होऊन बराक बंद झाली की सकाळपर्यंत तीच चार-दोन शौचालये दुप्पट-तिप्पट माणसांना वापरावी लागतात. पाणी तेवढेच, पंखे तेवढेच. खरूज आणि क्षयरोग अशा दाटीत झपाट्याने पसरतात. आणि जेथे जागा दुर्मीळ, तेथे जागेला किंमत येते. ती ठरवणारे दांडगे बराकीत तयार होतात. नव्याने आलेला गरीब बंदी या उतरंडीत सर्वांत खाली असतो.

कच्चा कैदी म्हणजे कोण?

या गर्दीत शिक्षा झालेले गुन्हेगार किती? २०२२ च्या त्याच अहवालानुसार ७५.८ टक्के, म्हणजे दर चारांपैकी तीन बंदी, न्यायाधीन होते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोषच होते. त्यांपैकी अकरा हजारांहून अधिक जण पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत होते. कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय समाजातील असतात, हेही वर्षानुवर्षे दिसून आले आहे.

गंमत अशी की, अनेक बाबतींत पक्क्या कैद्याची स्थिती कच्च्यापेक्षा बरी असते. शिक्षा झालेल्याला काम मिळते, थोडीफार मजुरी मिळते, संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मागता येते, सुटकेची तारीखही ठाऊक असते. कच्च्याला यांतले काहीच नसते. त्याच्याकडे असते ती फक्त न्यायालयाची पुढची तारीख. त्या दिवशी पोलीस पथक उपलब्ध झाले नाही, तर तीही हुकते. दूरचित्रसंवादाची सोय आली असली, तरी पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या न्यायाधीशासमोर आपली व्यथा मांडणे अशिक्षित माणसाला सोपे नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुरुंगातील व्यक्तीला, मग ती न्यायाधीन का असेना, मतदानही करता येत नाही. त्यामुळे या लाखो माणसांच्या दारी कोणताही उमेदवार जात नाही.

जामीन आहे, जामीनदार नाही

अनेक कच्चे कैदी जामीन नाकारला म्हणून आत नसतात; जामीन मंजूर होऊनही पैसे नाहीत म्हणून आत असतात. १९७८ साली मोतीराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. मध्य प्रदेशातील एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगण्यात आला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, या कारणाने त्याची हमी नाकारण्यात आली. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी अशा अटींवर कडक ताशेरे ओढले. तथापि महानगरात पोटासाठी आलेल्या परप्रांतीय वा ग्रामीण मजुराला स्थानिक जामीनदार शोधताना आजही हीच अडचण येते.

कायद्यात तरतुदी आहेत. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला सोडण्याची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एक तृतीयांशावर आणली. ती जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही आणि एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असल्यासही तिचा लाभ मिळत नाही. एकाच प्रकरणात अनेक कलमे लावणे ही पोलिसांची नित्याची पद्धत असल्याने ही अट अनेकांच्या आड येते.

जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. महिनाभरात जामीनपत्र सादर न झाल्यास न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. गरीब बंद्यांना जामिनासाठी ४० हजार आणि दंड भरण्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत साह्य देणारी केंद्राची योजनाही २०२३ मध्येच आली.

एका पेल्याची मागणी

फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली आणि त्यांची रवानगी नवी मुंबईतील तळोजा कारागृहात झाली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते आणि कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी नळीने पाणी पिता येईल असा पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज केला. तपास यंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित होता; खटला सुरूही झाला नव्हता.

त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे काहीही मत असो. एका वृद्ध रुग्णाला पाणी पिता यावे, यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे तुरुंगातील आरोग्यसेवेचे खरे चित्र आहे. समाजात जी वैद्यकीय सेवा उपलब्ध आहे, त्याच दर्जाची सेवा कैद्याला मिळाली पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ मध्ये स्वीकारलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ सांगतात. २०२२ या एका वर्षात देशातील तुरुंगांत १,९९५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्य ‘नैसर्गिक’ ठरवले गेले. वेळेवर न मिळालेल्या उपचारांनी झालेला मृत्यूही याच रकान्यात जातो.

वृत्तपत्र आणि न्यायालय

तुरुंगाची भिंत उंच असली, तरी राज्यघटना तिच्या दाराशी थांबत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सातत्याने मांडले. तिहारमधील छळाविषयी सुनील बत्रा या कैद्याने लिहिलेले पत्रच न्यायालयाने याचिका मानले. १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणाची सुरुवात वृत्तपत्रातील मजकुरातून झाली. बिहारमध्ये संभाव्य कमाल शिक्षेहून अधिक काळ कच्चे कैदी म्हणून खितपत पडलेली माणसे त्यातून उजेडात आली आणि जलद खटला हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

मुंबईचे नाव या इतिहासात दोनदा ठळकपणे येते. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील महिलांच्या मारहाणीविषयी न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३ च्या निकालाने महिलांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा आणि अटकेनंतर लगेच विधी साह्य हे दंडक घालून दिले. चार दशकांनंतर मुंबईतीलच पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातील जातिभेद चव्हाट्यावर आणला. झाडलोट अमुक जातीने करायची आणि स्वयंपाक तमुक जातीने, असे नियम अनेक राज्यांच्या नियमावल्यांत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले.

निकाल आणि वास्तव यांतील अंतर मात्र कायम आहे. १९८३ मधल्या त्या निकालाच्या शहरातच, भायखळ्याच्या महिला कारागृहात, जून २०१७ मध्ये एका महिला कैद्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाल्याचा आरोप झाला. तुरुंगातील सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक करण्यात आली.

बंद्याचे हक्क, थोडक्यात

- कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. नातेवाइकांनाही तो करता येतो.
- वकील आणि कुटुंबीय यांची भेट हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये स्पष्ट केले आहे.
- कैदी महिलेला सहा वर्षांपर्यंतचे मूल सोबत ठेवता येते. ते मूल कैदी नाही. आहार, शिक्षण आणि उपचार हा त्याचा स्वतंत्र हक्क आहे (सर्वोच्च न्यायालय, २००६).
- कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवणे बंधनकारक आहे.
- हक्कभंगाची तक्रार राष्ट्रीय वा राज्य मानवी हक्क आयोगाकडे विनाशुल्क करता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत ती केली पाहिजे.

भिंतीवाचूनचा तुरुंग

तुरुंग हा राज्य सूचीतील विषय आहे. म्हणजे जबाबदारी मुंबईत, मंत्रालयातच निश्चित होते. सुधारणेचा धडा घेण्यासाठी महाराष्ट्राला दूर जाण्याची गरज नाही. तत्कालीन औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली खुली वसाहत उभी राहिली. तेथे शिक्षा भोगणारे कैदी भिंतीवाचून, कुटुंबासह राहत आणि शेती करीत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती याच प्रयोगातून.

शिक्षा झालेल्यांवर एका छोट्या संस्थानाने दाखवलेला हा विश्वास आहे. शिक्षाच न झालेल्यांना आज झोपण्यापुरती जागाही मिळत नाही. त्यांना मल्ल्या वा मोदी यांच्यासारखे परदेशी न्यायालय मिळणार नाही आणि त्यांच्या बराकीची चित्रफीत कोणी मागवणार नाही. तीन चौरस मीटरची ती हमी त्यांना याच देशातील व्यवस्थेकडून मिळायची आहे.