असीरगडच्या डोल्या

तापीकाठच्या बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस, सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या एका डोंगरावर असीरगड उभा आहे. दक्षिणेचे द्वार अशी त्याची ख्याती होती. पंधराव्या शतकाच्या आरंभी हे द्वार कोणी फोडले नाही. गडाच्या धन्यानेच ते उघडविले.

ही हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. गडाचा धनी आसा अहीर हा संपन्न व दानशूर गवळी. खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान याने त्यास निरोप धाडला, की शेजारचे राजे उठले आहेत, तेव्हा घरच्या स्त्रियांना गडावर आश्रय मिळावा. आसाने आनंदाने होकार दिला. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या चढून आल्या. आसा मुलांसह स्वागतास पुढे झाला. तोच पडदे सरले आणि सशस्त्र शिपाई बाहेर पडले. पितापुत्र मारले गेले. गड नासिरखानाचा झाला, आणि पुढे त्यानेच बुऱ्हाणपूर वसविले.

या हकीकतीचे मर्म पहिल्या दिवसात आहे. एकदा खात्री पटली, की पुन्हा विचारणे उद्धटपणाचे वाटते.

डोलीच्या जागी विमान आले, तरी मनुष्यस्वभाव पालटला नाही. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका अँतोनोव्ह-26 मालवाहू विमानातून शेकडो रायफली व लाखो काडतुसे टाकण्यात आली. ब्रिटनकडून पूर्वसूचना आली असूनही हे विमान वाराणसीस उघडपणे उतरून पुढे गेले होते. 21-22 डिसेंबरच्या रात्री हवाई दलाने ते मुंबईस उतरविले. सहाजण सापडले, किम डेव्ही या नावाने वावरणारा सूत्रधार मात्र विमानतळावरूनच निसटला.

धुळे, शिरपूर, बारामती येथे लहान विमानांच्या धावपट्ट्या आहेत. अशा ठिकाणी मोठ्या विमानतळासारखा बंदोबस्त नसतो. एकमेकांची ओळख हाच तेथील मोठा पहारा. भारतीय विमानाच्या नोंदणीचा आरंभ ‘व्हीटी’ या अक्षरांनी होतो. ही अक्षरे झाकलेली वा खोडलेली दिसली, अवेळी माल चढू लागला, किंवा विमानविद्येचा गंध नसलेला परका मनुष्य इंधनाची व कुलपांची चौकशी करू लागला, तर सावध व्हावे. तथापि अंगावर धावून जाऊ नये. वेळ, नोंदणीची अक्षरे, मोटारीचा क्रमांक टिपून तळावरील अधिकाऱ्यास कळवावे, अथवा 112 या क्रमांकावर पोलिसांस. संशय वर्तनाचा घ्यावा. वेशाचा, भाषेचा वा धर्माचा घेऊ नये.

आसा अहिराच्या आतिथ्यात काहीच उणे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने घरातील एखादी वडीलधारी स्त्री डोल्यांची विचारपूस करण्यास दरवाजाबाहेर पाठविली असती, तर पाहुण्यांचा मान राहिला असता, आणि कदाचित गडही.