फेरफार: पडद्याला बदल कळतो कसा?

कुरखेडा तालुक्यात धान आधारभूत खरेदी केंद्रावर विकायचे, तर सातबारा लागतो. वडील वारलेले, मुलाने मोबाइलवर सातबारा उघडला, तर नाव अजून वडिलांचेच. अशा वेळी पडदा शिळे दाखवतो आहे, की मूळ नोंदच बदललेली नाही? संगणकशास्त्रात याच प्रश्नाला जवळपास अर्धशतकाचा इतिहास आहे.

महसूल खात्याकडे त्याचे उत्तर फार आधीपासून होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ व १५० नुसार हक्कातला बदल थेट सातबारावर चढत नाही. तलाठी तो प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतींची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. सातबारावर फेरफार क्रमांक असतो, त्यामुळे कोणते नाव कोणत्या नोंदीने आले, हे मागे जाऊन पाहता येते. बदलाची वाट एकच, आणि तीही एकाच दिशेने जाणारी.

पडद्यांच्या जगात हा विचार मांडणाऱ्यांत अग्रणी होते नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्स्काउग. जहाजबांधणीच्या संगणकप्रणालींवर काम केलेला हा अभियंता १९७८-७९ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स पार्क संशोधनकेंद्रात होता. तेथे त्यांनी मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी विभागणी सुचवली: माहिती एकीकडे, तिचे दर्शन दुसरीकडे. तेथल्याच स्मॉलटॉक भाषेत माहिती बदलली की ती आपल्यावर अवलंबून असलेल्या साऱ्यांना निरोप धाडी, आणि प्रत्येक दर्शन स्वतःला सुधारून घेई.

ब्राउझरमध्ये मात्र ही शिस्त उशिरा आली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. २००६ मध्ये जेक्वेरीने पानाचा कोणताही तुकडा हाताने बदलणे सोपे केले. सोपे झाले, हीच अडचण ठरली. जो तो कोड थेट पानावर खाडाखोड करू लागला. फेरफार वही बाजूला ठेवून दहा जणांनी एकाच सातबारावर पेन चालवावे, तसे हे होते.

याचे गाजलेले उदाहरण फेसबुकचे. नव्या संदेशाचा आकडा दिसे, उघडून पाहावे तर संदेश आधीच वाचलेला. चूक दुरुस्त केली, तरी काही दिवसांनी परत येई. कारण आकडा, संदेशपेटी आणि गप्पांची खिडकी, तिघांचेही हिशेब वेगळे होते. २०१४ मध्ये तेथील अभियंत्यांनी हे उदाहरण जाहीरपणे सांगून फ्लक्स ही रचना मांडली: आधी घटना, तिच्यावरून एका ठिकाणची स्थिती, आणि स्थितीवरून पडदा. उलट वाट बंद. त्याआधी मे २०१३ मध्ये जॉर्डन वॉक यांचे रिअ‍ॅक्ट खुले झाले, तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली होती. स्थिती बदलली की घटकाचे चित्र नव्याने मांडायचे आणि जुन्या-नव्यातला फरक तेवढाच पानावर उतरवायचा, ही कल्पना अनेकांना उधळपट्टी वाटली.

चित्र सुटले, पण परिणामांचे काय? गाव बदलला, तर सर्व्हरकडून त्या गावाचे नकाशे मागवायला हवेत. हे चित्रात बसत नाही. रिअ‍ॅक्टमध्ये त्यासाठी आधी कम्पोनंट-डिड-अपडेट होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये हुक्स जाहीर झाले आणि त्यांतल्या यूज-इफेक्टने ती जागा घेतली. कोणत्या मूल्यांवर लक्ष ठेवायचे, त्यांची यादी त्याला द्यायची. यादीतून एक मूल्य निसटले, की घटक जुनेच दाखवत बसतो. आणि ज्या मूल्यावर लक्ष, तेच आत दरवेळी नव्याने बदलले, की फेरा थांबतच नाही. नवशिक्यांच्या बहुतेक रात्री या दोन चुकांत जातात.

आता ई-फेरफार प्रणालीमुळे नोंदवही स्वतःच संगणकावर आली आहे. कुरखेड्यातल्या त्या मुलाने पान दहादा ताजे केले, तरी वारसाची नोंद प्रमाणित होईपर्यंत नाव वडिलांचेच राहील. तिथे पडद्याची चूक नाही.