डाव्या हाताचं कसब

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात जखमेवरचे साठ उपचार सांगितलेत, त्यांत एक केस काढण्याचा आहे. वस्तरा, कातरी किंवा चिमटा वापरावा. नाहीतर दोन भाग शंखाचं चूर्ण आणि एक भाग हरताळ आंबवलेल्या द्रवात वाटून लेप लावावा. हे पान मला एका क्लायंटने दाखवलं, ती आयुर्वेदाची डॉक्टर आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक, जहाल विष, तेव्हा तो नाद कुणी करू नये. पण केस न ओढता झडवावा हा विचार तेव्हाच झाला होता. आमच्या तरुणपणी घरोघरी असणारी अ‍ॅन फ्रेंच क्रीमसुद्धा गंधकाच्या संयुगानेच केस विरघळवायची, म्हणून तो वास. दुखत काहीच नाही, पण मूळ आत राहतं आणि काही दिवसांत खुंट हाताला लागतात. मुळासकट काढायचा तर ओढणं आलं, आणि ओढणं आलं की कळ आली.

भाईंदर पूर्वेला मी पार्लर चालवते. ही कळ कमी करणं हीच माझ्या धंद्यातली खरी विद्या, असं मला वाटतं.

आमचं घर इथलंच, आगरी. आजीचा जन्म मिठागरावर राबण्यात गेला. हनुवटीवर राठ केस आला की शेजारच्या बायका तिच्याकडे येत. ती चुलीतली गार राख बोटांना लावायची, डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरायची आणि उजव्या चिमटीत केस पकडून, तो उगवतो त्याच दिशेने झटका द्यायची. राखेमुळे बोट सरकत नाही, आणि ताणलेली कातडी केसाबरोबर वर उचलली जात नाही. तान्ह्या बाळांची लव मात्र ती बेसन, हळद आणि साय लावून चोळायची. ती लव आपसूकच गळते. म्हणून बाळाला कणकेच्या गोळ्याने रगडणाऱ्या आयांना मी आता सरळ नको म्हणून सांगते.

१९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली. मिठागरं आणि भातशेतीच्या शेजारी इमारती उठत होत्या, मुंबईत जागा न परवडणारी कुटुंबं शांतीनगरसारख्या वसाहतींत येत होती. बायका सकाळी चर्चगेटची गाडी पकडायच्या, परतायला रात्रीचे आठ. मग तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये, पडद्याआड एक कॉट टाकून आमच्यासारख्यांची पार्लरं सुरू झाली. वॅक्स घरीच शिजायचं: साखर, लिंबू, थोडं पाणी, मधासारखा रंग आला की खाली उतरवायचं. अरब देशांतल्या बायका हेच मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्यात. पट्ट्या जुन्या जीन्सच्या, गरम पाण्यात धुऊन पुन्हा वापरायच्या.

इथली हवा खाडीची, दमट. घामट कातडीवर वॅक्स धरत नाही, पट्टी नुसतीच सुटते, मग त्याच जागी पुन्हा ओढावं लागतं. आणि दुसऱ्यांदा ओढलेलं जास्त झोंबतं. म्हणून आधी पावडर. सुरीने केसांच्या दिशेने पातळ थर द्यायचा, पट्टी दाबून बसवायची, डाव्या हाताने कातडी घट्ट ताणायची आणि उजव्याने उलट दिशेला, कातडीला लागून, एका झटक्यात ओढायची. पट्टी वर उचलली की कातडीही उचलली जाते, रक्ताचे ठिपके येतात. आणि पट्टी निघाली रे निघाली की डावा तळवा त्या जागेवर दाबून ठेवायचा. कामाला आलेल्या नव्या मुलीला मी आधी हा तळवा शिकवते, ओढणं नंतर. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात. ठेच लागली की आपण पाय दाबून धरतो, ते याचसाठी.

१९८६ साली इस्रायलमधल्या हागोश्रिम किबुत्झमधून केस उपटणारं एपिलेडी नावाचं यंत्र बाजारात आलं. वाकवलेली स्प्रिंग मोटरवर गरगर फिरायची. बाहेरच्या बाजूने तिची वेटोळी उघडी, आतल्या बाजूने मिटलेली. फटीत शिरलेला केस फिरता फिरता आवळला जायचा आणि उपटून यायचा. रेमिंग्टनने स्प्रिंगच्या जागी चिरा दिलेला रबराचा दांडा बसवला, त्यावरून पेटंटचे खटले झाले. इंग्लंडच्या न्यायालयाने नक्कल नाही म्हटलं, जर्मनीच्या न्यायालयाने नक्कल आहे म्हटलं. पुढे स्प्रिंग गेली, फिरत्या चिमट्यांच्या चकत्या आल्या. आणि मग चकत्यांच्या बाजूला मसाजचे रोलर आले, थरथरणारी टोपी आली. आम्ही तळव्याने करत होतो तेच काम यंत्रात आलं, फक्त उशिरा.

आमच्याकडे असं केस उपटणारं यंत्र, म्हणजे एपिलेटर, आला तो बहुतेक आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून. एकदा लावायचा, ओरडायचं आणि कपाटात ठेवून द्यायचा, असं कितीजणींचं झालं. वाढलेल्या केसांवर, न शेकलेल्या सैल कातडीवर फुल स्पीडने फिरवला तर दुसरं काय होणार? पहिल्यांदा वॅक्सच करून घ्यावं, नवे बारीक केस दोन-तीन मिलिमीटरचे झाले की यंत्र हातात घ्यावं. यंत्राआधी गरम पाण्याने अंघोळ करा, असं सगळे सांगतात. पण आमच्या कित्येक इमारतींत टँकरची वाट बघावी लागते, तिथे दुसऱ्या अंघोळीला पाणी कुठून आणायचं? गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पाच मिनिटं गुंडाळून ठेवला तरी भागतं, नंतर कातडी पुसून कोरडी करायची. काम शक्यतो रात्री करावं, म्हणजे सकाळपर्यंत लाली उतरते.

बधिर करणाऱ्या क्रीमचा मात्र मला राग आहे. लिग्नोकेनची क्रीम पूर्ण पायांना फासून वर प्लास्टिक गुंडाळायचं, असलं काही करू नका. लेझरने केस काढण्याआधी असं करून अमेरिकेत दोन तरुण मुली गेल्या, आणि २००७ साली तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

हल्ली मुली स्वतःचं यंत्र घेऊन माझ्याकडे शिकायला येतात. मी आधी ते बंदच ठेवायला सांगते आणि डावा हात बघते. पोटरीला पाय सरळ, गुडघ्याला पाय दुमडून. काखेला हात डोक्यामागे आणि कोपर वर, नाहीतर तिथली सैल कातडी चिमट्यात सापडते. मग कमी स्पीड, यंत्र काटकोनात, दाब न देता, केसांच्या उलट दिशेने, सावकाश.