नेवाशाचा खांब आणि वडाळ्याचं मिशन

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी!

आता हे "मंडळी" मी प्रत्येक भागात म्हणतो. मागच्या डिसेंबरात माझा शाळेतला मित्र मला म्हणाला, "अरे, तुझा पॉडकास्ट सुरू झाला की आमच्या घरात सगळे हसतात. आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्च!" खरंच आहे. मराठी ख्रिस्ती माणूस "मी अमुक मंडळीचा सभासद" असं म्हणतो, म्हणजे तो त्या चर्चचा सभासद असतो. धर्मगुरूला ते पाळक म्हणतात. भेटल्यावर एकमेकांना "सलाम" करतात. मी नेवाशाचा, सातवीपासून हा माझा मित्र, आणि हे सगळं मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. बीटेक केलं, पुण्यात कोड लिहितो, परदेशातल्या टीमबरोबर रोज कॉलवर असतो. त्यांच्याशी कसं बोलायचं याचं आम्हाला कंपनीने ट्रेनिंग दिलं. पण शेजारच्या गावातल्या मित्राचं घर माहीत नाही.

म्हणून आजचा भाग. मिशनरी लोक इथे आले तेव्हा दोन अगदी वेगळ्या जगांतल्या माणसांची ओळख कशी झाली? कुठे जमलं, कुठे नाही जमलं?

आधी खांब

नेवासा म्हटलं की ज्ञानेश्वर महाराज. प्रवरेच्या काठी, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, पैस खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. हे आम्हाला पाळण्यातच कळतं म्हणा ना.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, ही भावंडं वाळीत टाकलेली होती. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना समाजाने बाहेर काढलं होतं. दोन, त्यांनी जे केलं ते भाषेचं काम होतं. संस्कृतात बंद असलेली गीता त्यांनी बाजारात, शेतात, चुलीपाशी बोलतात त्या भाषेत आणली. समोरच्याने आपल्या भाषेत यावं असा हट्ट नाही, आपणच त्याच्या भाषेत जायचं.

आता साडेपाचशे वर्षं पुढे उडी मारू.

बोस्टनहून नगरला

अमेरिकन मिशनचे पहिले लोक मुंबईत उतरले 1813 मध्ये. गॉर्डन हॉल हे त्यातलं मोठं नाव. कंपनी सरकारला ते नकोच होते, परत पाठवायची तयारी झाली होती. पण राहिले. मराठी शिकले, शाळा काढल्या, छापखाना काढला. या कामाला पुढे नाव पडलं अमेरिकन मराठी मिशन. नावातच मराठी आहे बघा.

1831 च्या शेवटी ते नगरला आले. तिघे अमेरिकन होते, त्यातले विल्यम हर्वी काही महिन्यांतच कॉलऱ्याने गेले. त्या काळात मिशनरी होणं म्हणजे बऱ्याचदा परतीचं तिकीट न काढता निघणं होतं.

नगरच्या या कामातलं एक नाव तुम्हाला माहीत असायला हवं: सिंथिया फॅरार. 1827 साली मुंबईत आल्या. लग्न न करता मिशनच्या कामासाठी परदेशी गेलेल्या अगदी सुरुवातीच्या अमेरिकन बायकांपैकी त्या एक. 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला त्यांची शाळा पाहिली आणि पुण्याला परतल्यावर 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. म्हणजे भिडेवाड्याच्या गोष्टीचा एक धागा आमच्या नगरमधून जातो. आणि गंमत अशी की फुल्यांनी शाळा घेतली, धर्म नाही घेतला. मिशनवाल्यांशी मैत्री ठेवली, त्यांच्याकडून शिकले, आणि स्वतःच्या वाटेने गेले. नातं असंही असू शकतं.

वडाळ्याचा साहेब

आता नेवासा तालुक्यात येऊ. नगरहून संभाजीनगरला जाताना घोडेगाव गेलं की वडाळा बहिरोबा लागतं. तिथला एक भाग आजही वडाळा मिशन म्हणूनच ओळखला जातो. एसटीचा कंडक्टरसुद्धा तसंच म्हणतो. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलोय, आणि "मिशन" म्हणजे नक्की काय हा प्रश्न मला कधी पडला नाही.

तर तिथे 1857 च्या सुमारास एक माणूस राहायला आला, सॅम्युएल बेकन फेअरबँक. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला. जन्म 1822, भारतात आला 1846 ला. शहर सोडून, बंगल्यांची वसाहत सोडून, खेड्यात. बायको मेरी, ती हेन्री बॅलंटाईन यांची मुलगी. हे बॅलंटाईन म्हणजे नगरचे जुने मिशनरी, ज्यांनी मराठीत ख्रिस्ती गीतं रचली. पुढे फेअरबँकांचा मुलगा एडवर्ड यानेही वडाळ्यालाच काम केलं.

मला फेअरबँक आवडले ते एका वेगळ्याच कारणाने. हा माणूस पक्षी आणि गोगलगायी गोळा करायचा! खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव भागातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी 1876 मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापून आली. हे नियतकालिक काढायचे ए. ओ. ह्यूम, तेच काँग्रेसच्या स्थापनेतले. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही 'फेअरबँकी' आहे. मुंबईच्या एका बारक्या गोगलगायीच्या प्रजातीचं नाव 'फेअरबँकिया' आहे.

विचार करा. नुसता उपदेश करायला आलेला माणूस झाडाकडे मान वर करून तासभर उभा राहील का? ज्याला एखाद्या मुलखात खरंच राहायचंय, तो तिथली पाखरंसुद्धा ओळखायला लागतो.

कीर्तन: इथे गंमत आहे

सुरुवातीला मिशनची पद्धत काय होती? रविवारी उपासना, प्रवचन, आणि पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीतं. आता आमच्या भागातला माणूस, ज्याने हरिपाठ ऐकलाय, भारूड पाहिलंय, तो त्या चालींवर कसा डोलणार?

मग 1860 च्या दशकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन सुरू झालं. अगदी आपलं कीर्तन. नमन, निरूपण, मग आख्यान. टाळ, वाद्यं, मध्ये पदं, श्रोत्यांना हसवणं, डोळ्यांत पाणी आणणं. फक्त आख्यान येशूच्या गोष्टीचं. यातलं सगळ्यात ठळक नाव कृष्णराव सांगळे यांचं. हा माणूस इथलाच. बोस्टनचा नाही.

मला इथे थांबायचंय. आपण "मिशनरींनी केलं, मिशनरींनी दिलं" असं म्हणत राहतो, म्हणजे इथला माणूस नुसता हात पसरून उभा होता असं वाटतं. पण कीर्तन बोस्टनवाल्याला कुठून येणार? ते इथल्याच माणसांच्या गळ्यात होतं. साहेबाने शहाणपण एवढं दाखवलं की नको म्हटलं नाही. काहींना नक्कीच धाकधूक वाटली असणार, की हा प्रकार हिंदू देवळातला, तो आपल्याकडे कसा चालेल? पण चालला. गावाच्या चौकात कीर्तन लागलं की सगळ्या जातींचे लोक ऐकायला येऊन बसायचे. प्रवचनाला जे जमलं नाही ते टाळाने जमवलं.

टिळक, आणि नात्याचा दुसरा चेहरा

आता तुम्ही म्हणाल, सगळं छान छानच सांगतोयस. नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे बघा.

नारायण वामन टिळक, कोकणातला ब्राह्मण, कवी. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. नुसती गप्पांमधली ओळख. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मग नगरला अमेरिकन मिशनबरोबर काम केलं. ते सांगायचे की आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्यांची गीतं आजही 'उपासना संगीत' या पुस्तकातून मंडळ्यांमध्ये गातात.

पण घरात काय झालं? लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. नवराबायको काही वर्षं वेगळे राहिले. नंतर त्या नगरला आल्या, तरी सोवळं सोडेनात. एका घरात दोन चुली. त्यांचं सोवळं हळूहळू कसं सुटत गेलं ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. स्वतःवर हसत हसत. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. वाचलं नसेल तर हे पुस्तक वाचाच, 1934 पासून भागाभागाने आलं. धर्म बदलणं सोपं असतं की पाण्याचा तांब्या बदलणं, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आणि मिशनमध्ये तरी सगळे सारखे होते का? नाही. पैसा अमेरिकेतून यायचा, म्हणून शेवटचा शब्दही तिकडचाच. इथला माणूस कितीही विद्वान असो, तो पगारी. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ती, पण परदेशी चाकरीत नसलेल्या, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही माणसांचं एक कुटुंब असावं, असं त्यांचं स्वप्न होतं. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दरबार अर्धवटच राहिला.

अजून एक अवघड गोष्ट. 1876 चा दुष्काळ, मग 1899-1900 चा. मिशनने अन्न दिलं, कामं काढली. नगरला रॉबर्ट ह्यूम यांनी अनाथ मुलांची मोठी व्यवस्था केली. (हे ह्यूम वेगळे, पक्ष्यांवाले नव्हेत.) जीव वाचले, यात वाद नाही. पण उपाशी माणसाला भाकरी देणारा आणि धर्म सांगणारा एकच असेल, तर समोरच्याचं "हो" किती मोकळं? आपल्याकडे यावरून आजही टोमणे मारतात. त्यावर माझ्या मित्राचं उत्तर तुम्हाला सांगतो. "दुष्काळ सगळ्यांनाच होता. पण आमच्या पणजोबांना पाणवठ्यावर कोणी येऊ देत नव्हतं, तो दुष्काळ बारमाही होता. त्याबद्दल कोणी विचारत नाही."

नेवासा तालुक्यातले सुरुवातीचे ख्रिस्ती बहुतेक महार समाजातले. त्यांना शाळेत बाकावर बसवणारं, पंगतीत शेजारी बसवणारं पहिलं कोण भेटलं, हे त्यांना पक्कं आठवतं.

तांब्या

आता माझी गोष्ट. सातवीत हा मित्र आमच्या घरी आला. आजीने त्याला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, लाडू दिला, "बाळा" म्हणाली. तो गेल्यावर पेला मोरीबाहेर वेगळा ठेवला. मला आठवतही नव्हतं. मागच्या नाताळात त्याच्या घरी गेलो, काकूंनी करंज्या आणि चहा पुढे केला, आणि गप्पांत तो सहज म्हणाला, "मी चप्पल घालायला मागे वळलो होतो, तेव्हा पाहिलं होतं." रागाने नाही म्हणाला. पंधरा-सोळा वर्षं त्याने ते मनात ठेवलं आणि मैत्रीही ठेवली.

मला काय बोलावं कळेना. "आजी जुन्या वळणाची होती" हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं. कारण आजी जुन्या वळणाची असेल, पण मी कधी विचारलं नाही, हे तर माझंच. मी "सॉरी" म्हणालो. तो म्हणाला, "चहा घे, गार होतोय."

परत खांबापाशी

शेवटची माहिती आणि थांबतो. जस्टिन ॲबट नावाचे या मिशनचे एक मिशनरी. 1910 मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेला परतले आणि उरलेलं आयुष्य काय केलं? मराठी संतचरित्रांची इंग्रजीत भाषांतरं. तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई, भक्तविजय. इथे शिकवायला आलेला माणूस म्हातारपणी आपल्या संतांचा वाचक होऊन बसला. त्याच मालिकेत पुढे 1941 मध्ये जे. एफ. एडवर्ड्स या मिशनरीने थेट ज्ञानेश्वरांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच ज्ञानेश्वरांना त्यांनी 'वाळीत टाकलेला ब्राह्मण' म्हटलंय. आमच्या खांबाची गोष्ट परक्या माणसाला नेमकी त्या वाळीत टाकण्यातून समजली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन मी पैस खांबापाशी गेलो. तो याआधी शाळेच्या सहलीत एकदा आला होता, तेवढंच. आम्ही बसलो, त्याने टिळकांचं एक गीत गुणगुणलं. शेजारी बसलेले एक वारकरी बाबा म्हणाले, "अभंग कुणाचा रे?" तो म्हणाला, "टिळकांचा, बाबा." बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चाल ओळखीची वाटली."

पुढच्या रविवारी तो आमच्या घरी जेवायला येतोय. आजी आता नाही. आई स्वयंपाक करणार आहे, आणि पाणी मी देणार आहे.

तुमच्या गावाजवळ असं एखादं "मिशन" असेल, चर्च असेल, दर्गा असेल, जिथून तुम्ही रोज जाता पण आत कधी गेला नाहीत, तर एकदा जा. काय दिसलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार, आणि वडाळ्याच्या मंडळींना, सलाम!